स्टिअरिंगवरचं गंध

३० सप्टेंबर, मंगळवार. आयुधपूजेचा आदला दिवस. माझ्यापुढचं काम: दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या घरी जाणाऱ्या गाड्यांच्या स्टिअरिंगवरचं प्लॅस्टिक सोलणे.

हे काम तसं माझं नव्हे. पण ते पातळ प्लॅस्टिक अंगावर असलं की बटणं नीट दाबली जात नाहीत, आणि बटणं हे माझं काम आहे. म्हणून दरवर्षी मी नखं न कापता या दिवसाची वाट बघते आणि एकेका गाडीत बसून केळं सोलावं तसं स्टिअरिंग सोलते. त्यात एक बालिश आनंद आहे. तो मी कुणाला वाटून देत नाही.

आपली खंडेनवमी तीच बेंगळुरूची आयुधपूजा. फक्त आपण शस्त्रं आणि अवजारं पुजून मोकळे होतो, इथे कात्रीपासून क्रेनपर्यंत काहीही सुटत नाही. रिक्षांना केळीचे खांब बांधतात, बसगाड्या झेंडूत बुडतात, प्रत्येक चाकाखाली लिंबू आणि प्रत्येक दारात फोडलेला कोहळा. नवी गाडी घ्यायची तर याच दिवशी, असं निम्म्या शहराने ठरवलेलं असतं. त्यामुळे आमच्या शोरूममध्ये त्या दिवशी लग्नघराची कळा येते, फक्त नवरे अनेक असतात आणि सगळे चारचाकी.

मी निपाणीची. मराठी, कन्नड दोन्ही भाषा घरातल्याच, हिंदी कामापुरती. मी गाड्या विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. कार्डावर माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव दोन ओळींचं आहे. मराठीत सांगायचं तर मी गाडी समजावते. विकणारा विकून जातो, गिऱ्हाईक पेढे वाटत चावी घेतं, आणि गाडीत बसल्यावर त्याला कळतं की वायपर कुठून चालू होतो हे आपल्याला ठाऊक नाही. तिथे मी लागते.

हल्ली स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना बटणांचे पुंजके असतात. लोक ते बघून विमानात बसल्यासारखा चेहरा करतात. मी त्यांना एवढंच सांगते: डावा अंगठा बोलण्या-ऐकण्याचा, उजवा अंगठा वेगाचा. डावीकडे आवाज कमी-जास्त, पुढचं गाणं, फोन घेणे, फोन ठेवणे, गाडीशी बोलणे. उजवीकडे क्रूझ कंट्रोल, म्हणजे पायाने ॲक्सिलरेटर न दाबता गाडी ठरावीक वेगाने पळत राहते ती सोय. आमच्या शहरात हे बटण म्हणजे लग्नात आलेला डिनर सेट. सगळ्यांकडे असतो, सगळे अभिमानाने दाखवतात, वापरायची वेळ कुणावरच येत नाही.

आणि ही बटणं स्टिअरिंगवर का? हात चाकावरून सुटू नये आणि नजर रस्त्यावरून हलू नये म्हणून. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका, असं मी प्रत्येकाला बजावते. ते मान डोलावतात आणि लगेच खाली बघून बटण शोधतात.

या कामात रोज नवी करमणूक असते. होसकोट्याच्या एका कारखान्यातले सुपरवायझर सासू-सासऱ्यांना घेऊन गाडी न्यायला आले होते. मूळचे कोल्हापूरचे. सासरे मागे, मांडीवर पूजेचं ताट. जावई म्हणाले, "मॅडम, फोन जोडून दाखवा की." मी जोडला. तेवढ्यात त्यांच्या मित्राचा फोन आला. मी म्हटलं, "डाव्या अंगठ्याखालचं हिरवं बटण दाबा." त्यांनी ऐटीत दाबलं, आणि चारी दारांतून मित्र खणखणीत बोलला, "काय रे, शेवटी सासऱ्याच्याच पसंतीचा पांढरा रंग घेतलास? चालव आता ॲम्ब्युलन्स!"

जावयांनी घाईघाईने काहीतरी दाबलं. ते आवाज वाढवायचं बटण निघालं. मित्र आता मेगाफोनवरून म्हणाला, "सायरन फुकट देतायत का बघ!"

जावयांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मागून सासरे म्हणाले, "आवाज चांगला आहे गाडीचा."

तेव्हापासून मी हिरव्या बटणाआधी लाल बटण शिकवते.

दुसरे एक आनेकलचे निवृत्त बसड्रायव्हर. महिन्याभराने गाडी तपासायला घेऊन आले तर स्टिअरिंगवरच्या यच्चयावत बटणांवर काळी चिकटपट्टी. फक्त मधला हॉर्न उघडा. मी विचारलं, "हे काय केलंत?" म्हणाले, "अम्मा, गाणं लागलं की मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरतो. ताल धरला की गाणंच बदलतं. आता मी काय बदलू, सवय की गाडी?" मी पंधरा मिनिटं वाद घातला. हरले. जाताना त्यांनी हॉर्नवर ताल धरून दाखवला.

तर त्या मंगळवारी मी सोलत बसले असताना सुनंदाक्का आल्या.

जयनगरच्या बाजारात अक्कांचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, हुक, बटणं. घराणं मराठी, पण कुठल्या पिढीत बेंगळुरूला आलं हे त्यांनाही सांगता येत नाही. वय साठीच्या पुढे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. जुनी गाडी अक्का स्वतः चालवायच्या, चिकपेटेच्या गल्ल्यांतून कापडाचे गठ्ठे आणायच्या. ती गाडी यंदा मोडीत निघाली आणि नवी ऑटोमॅटिक ठरली. सोबत मुलगा गिरीश होता. चाळिशीचा, सज्जन, आणि कायम कुठेतरी आग लागल्यासारखा काळजीत.

गिरीशने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मी ड्रायव्हर बघितलाय. मंजुनाथ. उद्या इथेच येईल. आईला जरा समजवा, या नव्या गाड्या तिच्या कामाच्या नाहीत."

"बाजूला नेऊन काय बोलतोस? मला ऐकू येतं," अक्का गाडीतून म्हणाल्या.

मग ते भांडण माझ्यासमोरच झालं. गेल्या वर्षी जुन्या गाडीत रेडिओचा आवाज कमी करायला अक्कांनी क्षणभर खाली बघितलं होतं आणि गाडीने गल्लीतल्या कंपाउंडची भिंत खरवडली होती. भिंत रिकामी होती. पण त्याच भिंतीला टेकून रोज संध्याकाळी पोरं बसतात, हे गिरीशच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याचं चुकत नव्हतं.

"मग असं कर," अक्का म्हणाल्या. "उद्या पूजा झाली की गाडी मी घरी नेते. तू शेजारी बस. मी एकदा जरी खाली बघितलं, तर चावी त्या मंजुनाथाला दे. परत मागणार नाही. नाही बघितलं, तर चावी माझी. सरी? कबूल?"

"आणि मी सांगेन ते बटण दाबायचं. आवाज कमी कर म्हटलं तर कमी, फोन घे म्हटलं तर फोन."

"सरी म्हटलं ना."

गिरीश दुकानाकडे गेला. अक्कांनी पदर खोचला आणि स्टिअरिंगकडे बघितलं. "अय्यो शैला, एवढी बटणं तर शेरवानीला लागत नाहीत गं."

मी माझी नेहमीची पोपटपंची सुरू केली. हे चित्र म्हणजे हे, ते चित्र म्हणजे ते. अक्का चष्मा नाकावर सरकवून वाकून बघत होत्या. "हा माणूस ओरडतोय की जांभई देतोय?"

"तो गाडीशी बोलतोय."

"आणि ही गाडी दोन रेघांमध्ये काय करतीय? झोपलीय?"

"ती आपल्या लेनमध्ये राहते."

"बेंगळुरात?" अक्का इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. मीही हसले. पण तासभर झाला तरी प्रकरण पुढे सरकेना. प्रत्येक वेळी चित्र बघायला त्या खाली वाकायच्या, म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच करायच्या.

शेवटी त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. "थांब स्वल्प. दुकानात बाई साडी घेऊन आली की मी अस्तर डोळ्यांनी शोधते होय? चोळून शोधते. रुबिया कुठली, पॉपलिन कुठलं, अंगठा सांगतो." आणि डोळे मिटून त्यांनी दोन्ही अंगठे बटणांवर फिरवायला सुरुवात केली. "हे लांबट, मधे फट. काज. वर दाबलं की काय होतं?"

"आवाज वाढतो. खाली दाबलं की कमी."

"वरचं काज, खालचं काज. हे काय, वाकडं?"

"फोन घ्यायचा."

"हुक. आणि त्याच्या खालचं फोन ठेवायचं, म्हणजे आकडा. हे गोल, मधे टिंब?"

"पुढचं गाणं."

"टिचबटण."

दिवे लागेपर्यंत अक्कांचं स्टिअरिंग म्हणजे शिवलेला ब्लाउज झाला होता. मी म्हणायची "फोन आला", त्या डोळे मिटून "हुक" म्हणायच्या आणि अंगठा अचूक जायचा. मी "आवाज" म्हणायची, त्या "खालचं काज!" एकदा मी मुद्दाम "क्रूझ" म्हटलं तर म्हणाल्या, "ते पाठीमागचं बक्कल. ते कुणी लावत नाही." बटणांचे आकार वेगवेगळे करतात ते याचसाठी, हे मला माहीत होतं, मी ते गिऱ्हाइकांना सांगतही असे, पण इतकी वर्षं शिकवलं मात्र चित्रांवरूनच. दोघी शाळकरी मुलींसारख्या खिदळत होतो. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

निघताना अक्का म्हणाल्या, "ही बटणं म्हणजे हत्यारंच की गं. हातात बसली पाहिजेत."

मी म्हटलं, "अगदी बरोबर, अक्का. हत्यारंच."

हे मी म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नादस्वरमची सनई, धूप, झेंडू, चुरमुरे आणि डाळं. भटजी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जात होते आणि मी एका गिऱ्हाइकावरून दुसऱ्यावर. अक्का लाल काठाची साडी नेसून आल्या. सोबत गिरीश आणि ड्रायव्हर मंजुनाथ: इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, चेहरा अतिशय शांत. अक्कांच्या हातात वाटी होती. दुकानातली सगळी पूजा उरकून त्या तशाच आल्या होत्या. त्यांच्या घरची पद्धत अशी की आयुधपूजेला दुकानातली एकही वस्तू सुटता कामा नये. घरी उगाळलेलं घट्ट गंध, त्यावर कुंकू. शिलाई मशीन, प्रत्येक कात्री, प्रत्येक टेप, इस्त्री, लाकडी गज, सगळ्याला एकेक टिळा. कामाची वस्तू टिळ्याशिवाय राहिली तर ती वर्षभर रुसते.

भटजींनी गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. मी शेजारच्या गाडीत एका डॉक्टरांना हेडलाइट समजावत होते. ते आटोपून वळले तर अक्का ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि बोट वाटीत बुडवून स्टिअरिंगवरच्या एकेका बटणाला गंध लावत होत्या. वरचं काज. खालचं काज. हुक. आकडा. टिचबटण. एकही सोडलं नव्हतं. चांगलं दाबून लावत होत्या, म्हणजे टिकेल. त्यावर ओलं कुंकू.

"अक्का!"

"हत्यारं ना गं? तूच म्हणालीस."

मी ओल्या रुमालाने पुसायला धावले तर गिरीशच आडवा आला. "मॅडम, पूजेचं गंध लगेच पुसू नका. अपशकुन होतो. घरी गेल्यावर बघू." आता याला काय म्हणावं? काळजीत असलेला माणूस मुहूर्तालाही घाबरतो.

नारळ फुटला, आरती झाली, फोटो झाले, आणि तोवर पंख्याच्या वाऱ्याने गंध सुकून दगड झालं. अक्का म्हणाल्या, "शैला, तू मागे बस." मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बसले. मंजुनाथ माझ्या शेजारी, गिरीश पुढे. गिरीशचा फोन गाडीला जोडला होता आणि त्यावर मंगल म्हणून नादस्वरम लावलेलं होतं, अगदी हळू आवाजात. चाकांखाली लिंबं ठेवली होती. अक्कांनी ती चिरडून गाडी झोकात बाहेर काढली. नजर सरळ रस्त्यावर.

पहिल्या वळणाला गिरीश म्हणाला, "आई, आवाज थोडा वाढव."

अक्कांचा अंगठा डावीकडे सरकला. थांबला. परत सरकला. "अगं शैला," त्या मान न वळवता म्हणाल्या, "सगळी सारखीच लागतात की."

प्रत्येक बटणावर गंधाचा तसाच वाटाणा. काज नाही, हुक नाही, टिचबटण नाही. नुसते वाटाणे.

"मोजा अक्का, वरून दुसरं," मी मागून म्हटलं.

त्यांनी मोजलं, दाबलं. आवाज वाढला. गिरीशने मान डोलावली. मग आवाज आणखी वाढला. मग आणखी.

"पुरे, आई."

"मी सोडलंय!"

बटण आत जाऊन बसलं होतं. फटीतल्या सुक्या गंधाने त्याला धरून ठेवलं होतं, आणि गाडीची समजूत अशी की कुणीतरी अजून दाबतंय. गिरीशने समोरच्या स्क्रीनवरून आवाज बंद केला. आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा चढला, कारण दाबलेलं बटण स्क्रीनलाही जुमानत नव्हतं. नादस्वरम आता असं वाजत होतं की काचा थरथरत होत्या. ढोल सुरू झाला तेव्हा माझ्या दातांना जाणवला.

"आई, थांब! मंजुनाथ चालवेल!" गिरीश ओरडला.

"कुठे थांबू? मागे बस आहे!" अक्का ओरडल्या. "आवाजच आहे, ब्रेक नाही गेला!"

खरंच थांबायला जागा नव्हती. रस्ता मुंगीच्या पावलाने सरकत होता. डावीकडे केळीचे खांब विकणारे, उजवीकडे बस. आणि मग एक मजा सुरू झाली. पुढचे स्कूटरवाले वळून बघायला लागले. हार घातलेली गाडी, स्वस्तिक, आतून ढोल आणि नादस्वरम: त्यांना वाटलं एखाद्या देवळाची मिरवणूक येते आहे. एकाने हेल्मेट काढून नमस्कार केला. रिक्षा बाजूला सरकल्या. चौकातल्या पोलिसाने आम्हाला आधी सोडलं. एका गॅरेजबाहेर माणसं कोहळा घेऊन उभी होती, त्यांनी तो आमच्या पुढून ओवाळला आणि आमच्या नावाने फोडला. कुणीतरी मूठभर चुरमुरे उधळले, ते पुढच्या काचेवर पसरले. अक्कांनी वायपर लावला. वायपरचं दांडकं बटणांत नव्हतं, नशीब. बेंगळुरूच्या रस्त्यावर एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

मी हसू दाबत होते. माझ्या शेजारी मंजुनाथ डोळे मिटून मान हलवत होता. त्याला खरंच आवडलं होतं.

गिरीश मात्र घामाघूम झाला होता. "बंद करतो मी!" म्हणून तो वाकला आणि आईच्या हाताखालून स्टिअरिंगवरची बटणं स्वतःच दाबायला लागला. "ते नको, ते फोनचं," मी म्हणेपर्यंत त्याने ते दोनदा दाबलं होतं. ते बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर आपोआप लागतो. नादस्वरम थांबलं. गाडीभर रिंग वाजायला लागली, आभाळातून वाजावी तशी.

गिरीशने शेवटचा फोन सकाळी मंजुनाथला केला होता, लवकर ये म्हणून.

माझ्या शेजारी मंजुनाथचा मोबाइल वाजला. त्याने खिशातून काढला, नाव बघितलं आणि आदराने कानाला लावला. "हलो सार."

"हलो सार!" चारी दारं गरजली.

"सार, मी मागेच बसलोय सार."

"मागेच बसलोय सार!" आणि मागोमाग एक कर्कश किंचाळी, मोबाइल स्पीकरजवळ असला की उठते तशी. शेजारच्या बसमधली सगळी डोकी खिडकीत आली.

"ठेव!" गिरीश.

"काय सार?" मंजुनाथने एक कान बोटाने बंद केला. "सार, एक सांगतो. अक्का छान चालवतात. एवढ्या आवाजात मी एक तरी गाडी घासली असती. इथे माझं काम नाही सार."

हे सगळं तो कन्नडमध्ये बोलला, आणि ते अख्ख्या चौकाने ऐकलं. बसच्या कंडक्टरने खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. मग मंजुनाथने फोन ठेवला आणि नादस्वरम पुन्हा सुरू झालं, होतं तिथून.

सिग्नल लाल झाला. लांबलचक सिग्नल, तोही चढावर. अक्कांनी ब्रेकवर पाय ठेवला. त्यांच्या बांगडीला कायम सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, दुकानदारणीच्या असतातच. उजव्या हाताने त्यांनी एक सोडवली आणि दातांनी उघडली. नजर समोरच्या लाल दिव्यावर. डावा अंगठा बटणांवरून सावकाश फिरला. सगळे वाटाणे सारख्याच उंचीचे, एकच जरा खाली बसलेला. तिथे अंगठा थांबला. पिनेचं टोक त्याच्या कडेने शिरलं आणि भोवती फिरलं, उसवायची शिवण उसवावी तसं. टिक. बटण वर आलं.

मग त्या एक खाली सरकल्या आणि अंगठा रोवून धरला. ढोल बारीक झाला. नादस्वरम शेजारच्या गल्लीत गेलं, मग पलीकडच्या, मग गाडीत एक कुजबुज तेवढी उरली. बाहेरचे हॉर्न ऐकू यायला लागले. हॉर्न ऐकून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. अक्कांनी पिन पदराला टोचली आणि गाडी सोडली. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही खाली बघितलं नव्हतं. मी मागून आरशात त्यांचे डोळे बघत होते, गिरीश बाजूने बघत होता. जयनगर येईपर्यंत त्याने एकही बटण दाबायला सांगितलं नाही.

गल्लीत कंपाउंडच्या भिंतीला टेकून पोरं बसलेलीच होती. अक्कांनी त्यांच्यासमोरून गाडी हळूच नेली आणि दारात लावली. इंजिन बंद केलं. कुणीच उतरेना.

"बघितलं मी खाली?" अक्कांनी विचारलं.

गिरीशने वायपरखाली उरलेल्या चुरमुऱ्यांकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. मग, "रात्री नको चालवूस. आणि पावसात नको."

"रात्री नाही. पावसात बघू."

"आई."

"सरी रे बाबा, सरी." आणि चावी त्यांनी पर्समध्ये टाकून चेन ओढली. गिरीशने डोळे पुसले. घामाने की कशाने, मी विचारलं नाही. मंजुनाथने विचारलं, जुनी गाडी गेल्यापासून दुकानाचा माल आणतो तो टेम्पो कोण चालवतं. पुढच्या सोमवारपासून तो चालवतो. अक्कांनी मला केशरी भात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि मी शोरूमला परतले तेव्हा मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. सकाळी शोरूमला जाण्याआधी मी जयनगरला वाकडी वाट केली, कारण बाकीच्या बटणांच्या फटीतलं गंध काढल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. दारात गाडी नव्हती. होती ती जागा, त्यावर झेंडूच्या पाकळ्या, आणि गिरीश, हातात कॉफीचा पेला घेऊन.

"मैत्रिणींना घेऊन आनेकलच्या बहिणीकडे गेली," तो म्हणाला. "सोनं वाटायला. पहाटेच. मला उठवलंही नाही."

"आता तुम्ही दुकानात कसे जाणार?"

"रिक्षा मिळते का बघतोय."

मी पिशवीतून मऊ ब्रश आणि कानकोरण्याची काडी काढून त्याच्या हातात दिली. सांगितलं की पाणी लावायचं नाही, कोरडंच घासायचं, बटण दाबायचं नाही, गंध कडेकडेने बाहेर ओढायचं, आणि आधी इंजिन बंद आहे ना ते बघायचं. त्याने सगळं मन लावून ऐकलं. मग मी समोरून येणारी रिक्षा थांबवली आणि त्यात स्वतःच बसून शोरूमला गेले.